जनरलचं भाषण आणि लेकीचं लग्न

लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. पाहुण्यांच्या गाद्या कुठे टाकायच्या यावरून घरात वाद चालले होते, हलवाई फोन उचलत नव्हता, आणि नेमका तेव्हाच पुण्याहून माझ्या प्रकाशकांचा फोन आला.

"ताई, जनरलला जिवंत करायचंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, तो मेलाय. मीच मारलाय त्याला. चांगली दोन पानं मरतोय तो."

"हो, पण प्रेत कुठे दाखवलंय तुम्ही? हॉस्पिटलात नेलं, वाचला, परदेशात लपून राहिला, असं काहीतरी करता येईल. वाचकांचा फार आग्रह आहे हो. आत्ता नुसती घोषणा करू दुसऱ्या भागाची, लिहा तुमच्या सवडीनं."

सवडीनं म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नघर आहे, नंतर बोलू, असं म्हणून मी फोन ठेवला आणि समोर दिसलेल्या पातेल्यावर राग काढला. नवरा आतून म्हणाला, "काय पडलं?" मी म्हटलं, "जनरल."  गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या घरात जे काही पडतं, फुटतं, करपतं ते त्या जनरलच्याच नावावर जातं.

नीट सांगते. मी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या पंपांच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. कोणता ट्रक निघाला, कोणता नाक्यावर अडकला, कोणत्या ड्रायव्हरनं मोबाइल बंद करून ठेवला, यावर दिवसभर डोकं फोडायचं, आणि घरी आल्यावर स्वयंपाकातून जो वेळ उरेल त्यात लिहायचं. आधी कथा लिहायचे. त्या मासिकांत यायच्या आणि तिथेच राहायच्या. मग एकदा डोक्यात आलं, आपल्या देशात फौजेनं तख्तापालट केला तर काय होईल? आमच्या घरात फौज आजोबांपासून आहे. आजोबा महूच्या छावणीतून निवृत्त झाले, बाबा सुभेदार होऊन. फौजेतलं बोलणं, उठणं-बसणं, शिव्या, सगळं कानावर होतंच. मी लिहायला बसले आणि लिहीतच गेले. एक जनरल, पहाटे दिल्लीत रणगाडे, संसदेला कुलूप, टीव्हीवर भाषण. आणि दुसऱ्या टोकाला महूचा एक साधा हवालदार. त्याला जमावावर गोळी चालवायचा हुकूम मिळतो आणि तो रायफल खाली ठेवतो. त्याचं बघून दुसरा ठेवतो, मग तिसरा, आणि जनरलचा सगळा डाव फिसकटतो. माझ्या मते कादंबरी त्या हवालदाराची होती.

पण माझ्या मताला विचारतो कोण! पुस्तक धो धो खपलं. मराठीत आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, मग हिंदीत आलं आणि तिथे तर विचारूच नका. हिंदीच्या कव्हरवर काळा गॉगल लावलेला जनरल, त्याच्यामागे रणगाडा, रणगाड्यामागे लाल आभाळ. हवालदार कुठेच नाही. मी हिंदीवाल्यांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, हवालदार से कव्हर नहीं बनता."

कृष्णपुऱ्याच्या फुटपाथवर त्या हिंदी पुस्तकाच्या चोरून छापलेल्या प्रती विकायला ठेवल्या होत्या. मी थांबून बघितलं तर विकणारा म्हणाला, "ले जाओ मॅडम, जनरलवाली है, गरम चल री है." मी म्हटलं, "भिया, ये मैंने ही लिखी है." त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तो फिर आपको तो मालूम ही है, लाजवाब है." आता त्याच्याशी काय भांडणार! चोराला आपलं पुस्तक आवडलं याचा मला आनंद झाला, हे त्याहून वाईट.

कारखान्यात आमचे सेठजी दर बुधवारी खजरान्याच्या गणपतीला जातात. पुस्तक गाजल्यावर ते प्रसादाचे लाडू घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. "मॅडमजी, एक ऐसा आदमी आ जाए ना, तो सब सीधे हो जाएँ." मी म्हटलं, "सेठजी, पुस्तकात तो सगळ्यात आधी कारखाने ताब्यात घेतो. तुमच्यासारखा एक मालक जेलमध्ये जातो बघा, नवव्या प्रकरणात." ते हसले. म्हणाले, "वो तो कहानी है मॅडमजी." म्हणजे जनरल खरा आणि जेल तेवढी कहाणी. मी लाडू खाल्ला. नोकरी आहे.

सगळ्यात मोठी डोकेदुखी होती ते भाषण. तख्तापालट झाल्यावर जनरल पहाटे टीव्हीवर येतो आणि देशाशी बोलतो. ते भाषण लिहिताना मी एक डाव टाकला होता, आणि तो माझा मलाच फार आवडला होता. संविधानाच्या अगदी पहिल्या पानावरची जी उद्देशिका आहे, तिची चाल मी त्या भाषणाला दिली. तसंच चढत जाणारं वाक्य, तसेच थांबे, तशीच सर्व नागरिकांना काय काय मिळणार त्याची घोषणा. फक्त तिथे न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता येते, आणि माझा जनरल त्या जागी म्हणतो, शिस्त, सुरक्षा, शांतता. चौथ्या जागी काहीच नाही. तिथे तो कॅमेऱ्याकडे नुसता बघत राहतो. मला वाटलं, वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. त्याला कळेल की या माणसानं आपल्या घरातली वस्तू उचलून तिच्या जागी दुसरीच ठेवली आहे.

काटा कसला, डोंबल! कुण्या भारदस्त आवाजाच्या माणसानं ते भाषण हिंदीत रेकॉर्ड केलं, मागे ढोल टाकले, आणि ते मोबाइलमोबाइलवर गेलं. "अनुशासन! सुरक्षा! शांति!" आणि प्रत्येक शब्दावर एक टाळी. पोरांनी त्यावर रील्स केल्या, जिममध्ये लावलं, कुणी रिंगटोन केली. एकदा भर चौकात एक मोटरसायकलवाला राँग साइडनं माझ्या स्कूटीवर आला. वर मलाच ओरडला, "देखके चलो आंटी!" त्याच्या गाडीच्या टाकीवर तेच तीन शब्द चिकटवलेले होते. मी रस्त्यात उभी राहून हसावं की रडावं ते ठरवत होते, तोवर मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून माझं डोकं उठवलं. हवालदाराबद्दल मला एकानं विचारलं नाही. एकानंही नाही.

बाहेरचे गेले खड्ड्यात, मला फक्त एका माणसाचं मत हवं होतं. माझ्या बाबांचं.

आमच्या घरात एक रीत आहे. लग्न असो, नव्या घरात जाणं असो की पोराचं नाव ठेवणं असो, त्रिशरण-पंचशील झालं की उद्देशिका वाचायची. एकानं मोठ्यानं वाचायची आणि बाकी सगळ्यांनी उभं राहून मागून म्हणायची. आमच्याकडे ते काम बाबांचं. परेडवर कमावलेला आवाज, त्यांना माईक लागायचा नाही. आजूबाजूच्या घरांतली लग्नंसुद्धा बाबांसाठी खोळंबायची. मी लहान असताना त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवायचे. कागद त्यांनी कधी हातात घेतला नाही आणि मीही नाही. एकदा कुणाच्या तरी लग्नात ते भर मांडवात म्हणाले होते, "माझ्यानंतर हे काम माझी पोरगी करेल." मला भाऊ असूनही त्यांनी माझं नाव घेतलं होतं. तेव्हापासून मी त्याची वाट बघत होते. पुस्तकं लिहिली, बक्षिसं मिळाली, सत्कारही झाले, पण मनातल्या मनात मी थांबले होते ती बाबांच्या त्या कामासाठी.

आता बाबांना दमा आहे. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला धाप लागते. डॉक्टरांनी ओरडायला, जोरात बोलायला सक्त मनाई केली आहे. त्यामुळे नातीच्या लग्नात ते मला पुढे करणार, असं मीच काय, सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं.

मराठी पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत मी त्यांना दिली होती. ते सकाळी आमच्या बाल्कनीत बसून भिंगानं वाचायचे. हळूहळू, एकेक पान. मी चहा द्यायच्या निमित्तानं कुठवर आलेत ते बघून यायचे. हवालदाराचं प्रकरण ते वाचतील तेव्हा काय म्हणतील, याची मला परीक्षेच्या निकालासारखी धाकधूक होती. तो हवालदार चालतो कसा, बूट कसे पॉलिश करतो, रागावला की मिशीचं टोक कसं चावतो, ते सगळं बाबांचं होतं. ओळखतीलच, असं वाटत होतं.

शेवटी एका सकाळी पुस्तक मिटून त्यांनी स्टुलावर ठेवलं. मी पोह्यांची प्लेट घेऊन उभी. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "भाषण चांगलं लिहिलंयस."

"आणि?"

"आणि काय?"

"बाकीचं कसं वाटलं? हवालदार?"

"हवालदार बरोबर वागला," ते म्हणाले आणि पोह्यांवर शेव घालून घेतली.

बस. एवढंच! मी इतके दिवस ज्याची वाट बघितली ते संपलं. मी तिथून निघाले ती स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानं रडले. मला वाटलं, यांनाही भाषणच आवडलं. सगळ्या इंदूरला आवडलं, तसं यांनाही.

त्यानंतर ते पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. लग्नाची तारीख ठरली, लग्नाचं गार्डन ठरलं, पत्रिका छापायला गेली. मी आडून आडून विचारून बघितलं. "बाबा, उद्देशिका कोण वाचणार ते बौद्धाचार्यांना सांगायला पाहिजे ना?" ते म्हणाले, "बघू." मग पुन्हा एकदा विचारलं. "बघू." तिसऱ्यांदा मी सरळच म्हटलं, "बाबा, तुम्हाला श्वास पुरणार नाही. मी वाचते ना."

"मी वाचीन," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांना बोलावलंय ना लग्नाला? मग ते समोर बसतील."

झालं! सुभेदारांनी एकदा ठरवलं की संपलं. रोज सकाळी बाल्कनीतून त्यांचा आवाज यायला लागला. दोन ओळी म्हणायचे, खोकायचे, दम्याचा पंप ओढायचे, पुन्हा पहिल्यापासून. मला ते ऐकवेना. एवढा त्रास करून घेतील पण मला देणार नाहीत! असं काय केलं होतं मी? मी काय खरोखर तख्तापालट केला होता? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "त्यांची नात आहे, त्यांना हौस आहे. वाचू दे." हौस नव्हती ती. हौस असलेला माणूस आरशासमोर उभा राहतो. बाबा तर पाठ फिरवून बसायचे.

अशात व्याही घरी आले. देवासचे आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, माणूस अगदी उमदा, पण उत्साह असा की समोरच्याचा जीव घाबरा व्हावा. चहा झाला, मिठाई झाली, मानपानाचं बोलणं झालं. मग ते पुढे सरकून म्हणाले, "विहीणबाई, एक रिक्वेस्ट आहे. नाही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, "बोला ना."

"स्टेजवर तुमच्या तोंडून जनरलचं भाषण व्हायला पाहिजे. मी आमच्याकडच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. अहो, आमचे पाहुणे तर त्याच्यासाठीच येणार! खुद्द लेखिका, मतलब और क्या चाहिए!"

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला, उठले आणि बाल्कनीत गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हटलं, "आमच्याकडे त्या वेळी उद्देशिका वाचतात. तुमच्याकडेही वाचतात की."

"ती पण होऊ द्या ना! ती केवढीशी. पहिले ती, मग हे."

"ते भाषण वाईट माणसाचं आहे हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "तो माणूस देश गिळतो त्या भाषणात. लग्नात कसं म्हणायचं ते?"

व्याही गोंधळले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, पण किती खरं बोलतो तो! बरं, भाषण राहू द्या. तुम्ही नुसता माईक हातात घ्या. बाकी लोक समजून जातील."

ते गेल्यावर लेक माझ्यावर भडकली. "आई, प्लीज. प्रत्येक वेळी सगळ्यांना त्या पुस्तकाचा अर्थ समजावून सांगितलाच पाहिजे का? बोलले असतील, सोडून दे ना यार." तिचंही बरोबर होतं. मला अर्थ समजावून सांगायची सवयच जडली होती. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, सेठजींना, जो भेटेल त्याला. ऐकून सगळे मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, पण जनरल म्हणजे जनरल. मी हात टेकले होते.

आता लग्नाचा दिवस.

सकाळी लग्न होतं. गार्डनमध्ये नाश्त्याला पोहे-जिलेबी, वरात ढोलताशात आली, व्याही स्वतः नाचत होते. बाबांनी निळा कोट घातला होता, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी. मी त्यांच्या खिशात दम्याचा पंप ठेवायला गेले तर त्यांनी तो काढून माझ्या हातात परत दिला. "कोट फुगतो," म्हणाले.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. लेक आणि जावई पांढऱ्या कपड्यांत उभे होते, हातात फुलं. मग बौद्धाचार्यांनी बाबांचं नाव घेतलं आणि सगळं गार्डन उभं राहिलं. बाबा माईकपाशी गेले. आज पहिल्यांदाच त्यांना माईक लागणार होता. मी स्टेजच्या पायरीवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी सुरुवात केली.

आवाज बारीक झाला होता, पण शब्द एकेक वेगळा, स्वच्छ. ते म्हणत, लोक मागून म्हणत. आमच्याकडचे मराठीत म्हणत होते, काही पोरं हिंदीत, कुणी नुसतं पुटपुटत. इंदुरात असंच चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मीही ओठ हलवत होते. ते 'सर्व नागरिकांस' या शब्दांपाशी आले. लोकांनी तेवढं मागून म्हटलं. आता न्यायाची ओळ यायची होती.

बाबा थांबले. श्वास आत घेता येईना. त्यांची छाती वर गेली आणि तिथेच अडकली. हात माईकवर घट्ट. मी पंप काढला. सगळं गार्डन शांत, सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत.

आणि मागून, जिथे पोरं उभी होती, तिथून आवाज आला. "अनुशासन!" आणि टाळी.

"सुरक्षा!" टाळी. आता मधल्या रांगांतूनही.

"शांति!" अर्ध्या गार्डननं टाळी मारली.

त्यात कुणाचा खोडसाळपणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी त्यांची तोंडं बघत होते. पोरांची, बायकांची, माझ्या सख्ख्या चुलतबहिणीचीसुद्धा. चाल तीच होती, थांबा तोच होता, आणि त्या थांब्यानंतर जे रोज कानावर पडतं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. म्हणून झाल्यावर काहीजण हसले, काहींनी जीभ चावली. व्याह्यांनी तर आनंदानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्यांना वाटलं, हे ठरवूनच केलंय.

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लाज, संताप, दोन्ही एकदम. माईक हिसकावून ओरडावं, मूर्खांनो, तो मेला, मी त्याला मारलाय, असं वाटत होतं. मला आधी वाटलं बाबा ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं. छावणीत त्यांच्या एका हाकेवर मैदान थरथरायचं म्हणतात. पण त्यांनी माईकवर तळवा ठेवला, माझ्याकडे वळले आणि मानेनं जवळ बोलावलं. मी पायरी चढून गेले. पंप पुढे केला. तो त्यांनी घेतला, एकदा ओढला, आणि अगदी हळू म्हणाले,

"तुझ्या आवाजात लोकांना तो जनरलच ऐकू येईल, म्हणून तुला देत नव्हतो. पण पोरी, माझ्याही आवाजात त्यांना तोच ऐकू आला. घे. आता तूच वाच. पहिल्यापासून."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. भाषण चांगलं लिहिलंयस, असं ते त्या सकाळी म्हणाले होते. ते कौतुक नव्हतं, काळजी होती. इतकी वर्षं ज्या माईकची वाट बघितली तो माझ्या हातात आला होता आणि मला तो नको होता. असा नको होता. रडू येत होतं आणि समोर सगळे उभे होते. लेक माझ्याकडे बघत होती, ओंजळीतली फुलं तिनं घट्ट धरली होती.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. माझा आवाज बाबांसारखा नाही, थोडा चिरका आहे, आणि त्या दिवशी तर रागानं आणखीच चिरका झाला होता. लोक मागून म्हणायला लागले, आता जरा दबकत. मी पुढे पुढे गेले आणि त्या जागेपाशी आले. लोकांनी सर्व नागरिकांपर्यंत म्हटलं, आणि त्यांचा शेवटचा शब्द संपायच्या आत मी मोठ्यानं म्हटलं, सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय.

 मग माझ्या अगदी मागून, खांद्यापाशी, एक दमलेला आवाज आला, "न्याय." बाबा होते. जन्मभर ते पुढे म्हणत आले होते. कुणाच्या तरी मागून म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मग लेकीनं म्हटलं, जावयानं म्हटलं, मग इकडून तिकडून, एकेकानं. मागच्या पोरांनी म्हटलं की नाही, मला कळलं नाही.

लगेच मी पुढचा शब्द घेतला, आणि मग त्याच्या पुढचा. बाबांसारखी थांबत थांबत मी वाचलंच नाही. लोकांचं तोंड मिटायच्या आत पुढची ओळ उचलत राहिले. छाती दुखायला लागली तरी मधे कुठेही मोकळी जागा सोडली नाही. सोडायची मला भीती वाटत होती.